उकळून प्या

शाळेच्या भिंतीवरचं ते अक्षर माझंच.
निळा ऑइलपेंट, 'उ' जरा कलंडलेला.
'पाणी उकळून प्या.'
चौदा वर्षं झाली, पोपडे सुटले,
वाचता येतं अजून.

मी लोटन बागूल, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक.
मानधन सांगत नाही, हसाल.
टाकीत टीसीएल किती, मग किती वेळ थांबायचं,
नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघायचा,
एवढं मला येतं.
एवढ्यावर दोनदा हगवणीची साथ वेशीबाहेर ठेवली.

यंदा श्रावण कोरडा.
पांझरा फडाच्या बंधाऱ्याशी येऊन थांबली
ती थांबलीच.
आणि एका सकाळी पाणी हिरवं.
शेवाळ नव्हे. शेवाळ मला कळतं,
ते दगड धरून राहतं.
हे वरवर, साईसारखं,
जणू कुणी रात्रीतून खिडक्यांचा रंग ओतला.
काठी बुडवली. तंतू आले नाहीत,
नुसता रंग आला.

आपल्याकडे हिरवं म्हणजे चांगलं.
या उन्हात कुणाला हिरव्याची भीती घालायची?
धुणं आपटता आपटता बायका म्हणाल्या,
बंधारा नटला की हो.

आधी ठेलाऱ्याचं कुत्रं गेलं.
मग दोन मेंढ्या, तिसरी पहाटेपर्यंत पाय झाडत.
सुपडू म्हणाला, नजर लागली.
मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.
बाटली भरली, फडक्यात गुंडाळली,
धुळ्याची एसटी धरली.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन.
मी विचारलं, टीसीएल वाढवू?
"नको. त्यानं ते फुटेल, आतलं विष पाण्यात सुटेल."
मग उकळून?
थोडा वेळ नुसती खरखर.
"उकळून पाणी आटतं, लोटनभाऊ.
विष आटत नाही."

त्या दिवशी विहिरीवरची मोटार मी बंद केली.
विहीर नदीच्या कुशीतच, तिचा काय भरवसा.
चौदा वर्षांत पहिल्यांदा
नळ कोरडा ठेवला म्हणजे माझं काम झालं.
शिव्या खाल्ल्या. टँकर मागवला.
काठानं दोर बांधला, दोराला लाल चिंध्या.
मग हे आलं कुठून म्हणून ओघळ धरून चालत गेलो:
गटारीचं तोंड, साबणाचा फेस, केळीचा बाग,
आणि पुढे माझाच बांध.
कांद्याला दोन गोण्या युरिया जास्त टाकला होता मी.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी रोट झाले. सोमवारी कानबाई निघाली.
डफ, गुलाल, डोक्यावर पाट घेऊन कोकिळाबाई पुढे,
आणि दोराशी मी एकटा.
पोरं ओरडली, बाजूला हो.
बाईंनी फोनवर सांगितलेलं सगळं
त्या डफात मला काही आठवेना.
सुपडूच्या मेंढीचं तेवढं सांगितलं. पाय कशी झाडत होती ते.
कोकिळाबाई पाण्याकडे बघत राहिली.
मग मागे वळून सगळ्यांना म्हणाली,
"कानबाईले इखमा सोडसूत का वं?"

टँकरच्या पाण्यानं घंगाळ भरलं.
सगळे नाही आले. काही वरच्या डोहाकडे गेले, रागानं.
रात्री कुणीतरी दोर कापला.
देवचंदचा पोरगा पोहून आला,
ओठांवर फोड, अंगभर खाज.
आता तोच चिंध्या बांधायला येतो.

भिंतीवरचं मी पुसलं नाही.
खोटं नव्हतं ते. अपुरं होतं.
खाली एक ओळ वाढवायची आहे:
हिरवी साय दिसली तर उकळूनसुद्धा नाही.
दुकानात गेलो. निळा संपलेला.
हिरवा देऊ का, म्हणाला.

कोळशानं लिहून ठेवलंय तोवर.